होरीपासून भैरवीपर्यंत

बनारसमध्ये चैत्र आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटली की दुसऱ्याच दिवशी तिकडे चैत्र उजाडतो. आपण त्या पंधरवड्याला फाल्गुन वद्य म्हणतो आणि गुढीपाडव्याची वाट पाहतो. श्रावणाचेही तसेच. तिकडचा ‘सावन’ आपल्या आषाढ वद्यातच सुरू झालेला असतो. पंचांगातला हा फरक गाणे ऐकणाऱ्यानेही लक्षात ठेवावा असा आहे, कारण बनारसच्या गायकीत होरी फाल्गुनाची, चैती चैत्राची, कजरी आणि झूला सावन-भादोचे. रंग खेळून झाले की होरी मागे पडते आणि ओळीच्या शेवटी रामाला हाक घालणारी चैती सुरू होते. आभाळ भरून आले की मिर्झापूर आणि बनारस या दोन्ही गावांना कजरीचे वेध लागतात.

एका शहराने वर्षभराची गाणी अशी ओळीने लावून ठेवली आहेत. हा क्रम कुणी एकट्याने बसून ठरवलेला नाही. शेतात आणि अंगणात गाणाऱ्या बायका, देवळातले शहनाईवाले, दालमंडीतल्या गायिका, कबीरचौऱ्यातले तबलजी आणि सारंगिये, बजऱ्यावर, म्हणजे सजवलेल्या नावेवर, गादी टाकून ऐकणारे रईस, या सगळ्यांनी मिळून तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला. गाण्यांच्या यादीतून भावनेची गोष्ट सांगायची असेल, तर या शहराइतकी जुनी आणि चांगली शाळा मला माहीत नाही. म्हणून प्लेलिस्टवरच्या या प्रकरणात आपण बनारसला जाणार आहोत.

आज आपल्या फोनमध्ये गाण्यांचे ढीग असतात आणि त्या ढिगांना नावे असतात: पाऊस, विरह, प्रवास, उदास संध्याकाळ. अशा यादीत पावसाची वीस गाणी एकापुढे एक येतात. प्रत्येक गाणे सुंदर असते, तरी सहाव्या-सातव्या गाण्यापाशी कान थकतो, कारण पहिल्या गाण्यात जो पाऊस पडत होता तोच विसाव्यातही पडत असतो. मधल्या काळात कुणाचे काही झालेले नसते. कुणी आले नाही, कुणी गेले नाही, कुणाचे मन फिरले नाही. याला मी संग्रह म्हणेन. गोष्ट होण्यासाठी त्यात एक माणूस लागतो, एक वेळ लागते, आणि सुरुवातीला होते ते शेवटी उरू नये असा एक बदल लागतो. बनारसच्या मैफलीत या तिन्ही गोष्टी आयत्या सापडतात.

क्रमाला अर्थ असतो

आधी थोडे दूर जाऊ. फ्रान्झ शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराने १८२७ साली चोवीस गीतांची एक माला रचली. तिचे नाव ‘विंटरराइझे’, म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. कविता विल्हेल्म म्युलर याच्या. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्री गाव सोडून बर्फातून चालत निघतो, एवढेच कथानक. शूबर्टच्या हाती आधी यातल्या बाराच कविता आल्या आणि त्याने त्यांना चाली लावल्या. पुढे पूर्ण संग्रह मिळाला तेव्हा कवीने नव्या कविता जुन्यांच्या मधेमधे पेरलेल्या निघाल्या. शूबर्टने आपल्या बारा होत्या तशाच ठेवल्या आणि बाकीच्या त्यांच्या मागे जोडल्या. परिणाम पाहण्यासारखा आहे. टपालगाडीच्या शिंगाचा आवाज ऐकून त्या तरुणाचे काळीज उडते, ही कविता म्युलरकडे सहावी आहे. तिथे तो नुकताच गावाबाहेर पडलेला आहे, पत्राची आशा स्वाभाविक आहे. शूबर्टकडे ती तेरावी येते. तोवर तो पार एकटा पडलेला आहे, आणि त्या शिंगाच्या आवाजाने उसळलेली आशा ऐकवत नाही. शब्द तेच असून जागा बदलल्यामुळे दुःख वेगळे झाले.

क्रमाची ही ताकद कलावंतांना नेहमीच ठाऊक होती. २०२१ साली ॲडेल या ब्रिटिश गायिकेचा ‘३०’ हा आल्बम आला, तेव्हा तिच्या विनंतीवरून स्पॉटिफायने आल्बमच्या पानावरचे गाणी आपोआप पिसून लावणारे बटण मागे घेतले. आल्बम गायकाने लावलेल्या क्रमानेच आधी वाजावा, एवढीच तिची मागणी होती. मला ती पूर्ण पटते.

आपल्याकडे तर हे पहाटेच्या काकड्यात रोज घडते. काकडा भजनात देवाला जागवणाऱ्या अभंगांमागून भूपाळ्या येतात, वासुदेव येतो, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा अशी एकेक रूपके येतात, मग गौळणी आणि काला. माणसे एकामागून एक देवळाच्या पायरीशी येत जातात आणि दिवस वर येतो. वारकऱ्यांनी आपल्या भजनांच्या क्रमाला ‘भजनी मालिका’ हेच नाव दिले आहे. तमाशातही गणाआधी वग सुरू होत नाही. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर, आठवड्याला एक, अशी ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गाणी आली, तेव्हा पुढच्या आठवड्याच्या गाण्यासाठी घरेच्या घरे रेडिओपाशी बसत. पण गदिमा आणि सुधीर फडके यांच्या हाती रामाची गोष्ट आयती होती. बनारसच्या गायिकेकडे कथानक नसते. तिच्याकडे असते एक बाई, तिचे वाट पाहणे, आणि रात्र. तेवढ्यावर ती गोष्ट उभी करते. आपल्या प्लेलिस्टची अवस्था अशीच असते, म्हणून शिकायचे ते तिच्याकडून.

एक बाई, एक रात्र

भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. पुस्तकात त्या वर्गीकरणासारख्या कोरड्या वाटतात. पण त्यांतल्या पाच एका रात्रीत ओळीने लावून पाहा. वासकसज्जा: घर सजवून, स्वतः सजून ती वाट पाहते आहे. विरहोत्कंठिता: उशीर झाला, जीव वरखाली होऊ लागला. विप्रलब्धा: संकेत देऊनही तो आला नाही, ती फसवली गेली. खंडिता: पहाटे तो आला, पण दुसरीकडे रात्र काढल्याच्या खुणा अंगावर घेऊन. कलहांतरिता: तिने त्याला दारातून परत पाठवले, आणि तो गेल्यावर आता ती तळमळते आहे. संध्याकाळ ते सकाळ, आशा ते पश्चात्ताप. पाच गाण्यांत एक अख्खी कादंबरी बसते.

आता यावर रागांच्या वेळा ठेवून पाहा. पंडित भातखंडे यांनी रागांच्या वेळांची जी मांडणी केली, तिचे नियम ठुमरीत सैल होतात हे खरे. तरीही ठुमरीचे आवडते राग त्या रात्रीशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात. खमाज रात्रीच्या पहिल्या भागातला, त्यात लाडीकपणा आहे, सजण्याची हौस आहे. देस आणि तिलककामोदात ओढ आहे. रात्र कलू लागली की सोहनी. तिचे सगळे जगणे तार सप्तकाकडे, त्यामुळे तिच्यात एक ताणलेली जाग असते. उजाडता उजाडता जोगिया, आणि मग भैरवी. खंडिता ही अवस्थाच मुळी पहाटेची आहे, कारण तो रात्रभर बाहेर होता हे पहाटेच कळते. त्यामुळे तिची तक्रार भैरवीत येते तेव्हा राग, वेळ आणि गोष्ट या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बनारसच्या इतक्या ठुमऱ्या भैरवीत का, या प्रश्नाचे निदान एक उत्तर मला इथे दिसते.

ही यादी आजही करता येते, आणि करताना गाणी ‘चांगली’ आहेत का यापेक्षा ती कुठल्या अवस्थेतली आहेत हे पाहावे लागते. सुरुवातीला गिरिजादेवींची खमाजातली एखादी ठुमरी घ्यावी. गिरिजादेवी (१९२९–२०१७) बनारसच्या चौमुखी गायकीच्या प्रतिनिधी होत्या. ख्यालाने मैफल सुरू करून टप्पा, ठुमरी, दादरा आणि ऋतूप्रमाणे कजरी, चैती किंवा होरी अशी त्या उतरत येत. त्यांच्या आवाजात एक घरंदाज उजेड आहे आणि वासकसज्जेला तो शोभतो. उत्कंठेसाठी सिद्धेश्वरीदेवी (१९०८–१९७७). त्यांचा आवाज भरीव, थोडा खडा, आणि पुकार अशी की ऐकणाऱ्याला बसल्या जागी अस्वस्थ व्हावे. १९८९ साली मणी कौल यांनी त्यांच्यावर एक चित्रपट केला आहे, तोही जीवनकथा सरळ न सांगता भावांच्या क्रमाने चालतो. फसवणुकीच्या जागी मी रसूलनबाई (१९०२–१९७४) ठेवेन. त्यांच्या आवाजात तक्रार मोठी होत नाही. ती खाली, छातीशी राहते. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच जागा असे. तेवढ्यात त्यांनी जे मांडले त्याला लांबीची गरज वाटत नाही.

कलहांतरितेसाठी मात्र मी बनारस सोडून बेळगावकडे वळेन. शोभा गुर्टू (१९२५–२००४) तिथे जन्मल्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंच्या ठुमरीत पूरबचा, म्हणजे बनारसकडचा, रंग आहे आणि त्यासोबत आपल्या बैठकीच्या लावणीला जवळचा असा थेटपणाही आहे. राग ओसरल्यावरची खंत त्या फार साध्या स्वरात सांगतात. मराठी कानाला ती बाई ओळखीची वाटते.

पाच अवस्था, वेगवेगळे आवाज, आणि तरीही बाई एकच. हे कसे साधायचे, हाच आता अवघड भाग.

षड्जाचा प्रश्न

मैफलीत एक गोष्ट कधीच बदलत नाही, ती म्हणजे तानपुऱ्याचा षड्ज. गायिका खमाज गाते, मग पिलू, मग भैरवी. राग बदलतो, ताल बदलतो, पण पायाखालचा सूर तोच राहतो. त्यामुळे तीन तास ऐकणाऱ्याला आपण एकाच घरात आहोत असे वाटते. प्लेलिस्टमध्ये नेमके हेच मोडते. पुरुष गायकाचा षड्ज साधारण काळी एक-दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. वेगवेगळ्या काळातल्या तबकड्यांचे सूर आणखी थोडे इकडेतिकडे झालेले असतात. एक गाणे संपून दुसरे सुरू होते तेव्हा कानाखालची जमीन अचानक सरकते. भावना तुटण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि ऐकणाऱ्याला मात्र वाटते की गाणे जुळले नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा: षड्ज जवळ असलेली गाणी शेजारी ठेवा. हार्मोनियम किंवा फोनमधला तानपुरा घेऊन प्रत्येक गाण्याचा षड्ज एकदा तपासून लिहून ठेवला, तर हे काम अर्ध्या तासात होते. दुसरा उपाय बनारसी आहे. दोन दूरच्या षड्जांच्या मधे असे काही ठेवा की ज्याला ताल नाही. शहनाईचा किंवा सारंगीचा आलाप. लय नसली की कान नव्या सुराशी भांडत नाही, हळूहळू त्यात शिरतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वाजवलेल्या चैती-कजरीच्या धुना यासाठी फार उपयोगी पडतात, कारण त्यांत शब्द नसूनही ऋतू असतो आणि सुरुवातीचा आलाप पुलासारखा वापरता येतो.

पुरुष आवाज आणि स्त्री आवाज यांचाही विचार करावा. एका नायिकेच्या गोष्टीत मधेच पुरुषाचा आवाज आला तर ‘तो’ बोलू लागला असे ऐकणाऱ्याला वाटते. ठुमरीच्या परंपरेत पुरुषही बाईच्याच मनाने गातात, पण यादीत ते कळत नाही. म्हणून पुरुष आवाज घ्यायचा तर मुद्दाम घ्यावा. पंडित छन्नूलाल मिश्र (१९३६–२०२५) यांची मसाणातल्या होळीची प्रसिद्ध होरी आहे. तिच्यात शंकर चितेच्या राखेने होळी खेळतो. ती नायिकेच्या रात्रीत बसणार नाही. पण फाल्गुनावर यादी करत असाल तर तिला शेवटची जागा द्या. रंगाच्या, छेडछाडीच्या, भिजलेल्या साऱ्या होऱ्यांनंतर ती आली की सगळा उत्सव एकदम मणिकर्णिकेच्या घाटावर येऊन उभा राहतो. तीच होरी सुरुवातीला लावली तर नुसती नवलाईची वाटते.

घाई करू नये, आणि मग सोडून द्यावे

बनारसच्या ठुमरीला बोल-बनावाची ठुमरी म्हणतात. लखनौमध्ये कथकाच्या संगतीने वाढलेली ठुमरी लयीच्या खेळात रमणारी. बनारसने तिला सावकाश केले. दीपचंदी किंवा जत तालात एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा हलतो. त्याच शब्दांत एकदा विनवणी, एकदा रुसवा, एकदा स्वतःशीच काढलेली समजूत. गोष्ट पुढे सरकत नाही, खोल जाते. आणि पुरेशी खोल गेली की शेवटी लग्गी येते. तबला एकदम द्रुत केहरव्यात सुटतो, गायिका मुखडा धरून ठेवते, सभा सैल होते, दाद उसळते. मग पुन्हा मूळ ठेक्यावर येऊन ठुमरी संपते.

हा आराखडा यादीसाठी सोन्यासारखा आहे. सुरुवातीला दोन-तीन गाणी एकाच भावात राहू द्यावीत. दुसऱ्याच गाण्याला मूड पालटण्याची घाई करू नये. ऐकणारा त्या भावात नीट बसल्यावरच लग्गीची जागा येते: एखादा चपळ दादरा, एखादी झुल्यावरची कजरी. आणि लग्गीनंतर परत मूळ संथपणाकडे यायचे, हे विसरायचे नाही. बऱ्याच याद्या उत्साहाच्या शिखरावर संपतात आणि ऐकणाऱ्याला तिथेच उघड्यावर सोडून देतात.

मानसोपचारातही हे वेगळ्या वाटेने सापडले आहे. आयरा ऑल्टशूलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४०च्या दशकात संगीतोपचाराचे एक तत्त्व मांडले. रुग्ण ज्या मनःस्थितीत असेल तिच्याशी जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करावी आणि तिथून पायरीपायरीने हव्या त्या मनःस्थितीकडे न्यावे. दुःखी माणसाला थेट आनंदी गाणे ऐकवले तर ते त्याला बाहेरचे वाटते. संगीतोपचारात हे तत्त्व आजही शिकवले जाते. ठुमरीची गायिका पहिल्या आवर्तनापासून हेच करते, सभा जिथे बसली आहे तिथे जाऊन आधी तिच्याजवळ बसते.

सभा कुठे आणि केव्हा बसली आहे, याचे भान बनारसमध्ये आजही जिवंत आहे. हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरात होणारा संगीत समारोह गेली शंभर वर्षे चालत आला आहे. तिथे सलग काही रात्री उजाडेपर्यंत गाणे चालते, तिकीट नसते, आणि शेवटी बसणाऱ्या कलावंताच्या वाट्याला पहाटेचे राग येतात. अस्सी घाटावर २०१४पासून ‘सुबह-ए-बनारस’ या उपक्रमात आरती झाल्यावर सकाळचे राग वाजतात. पूर्वी होळीनंतरच्या मंगळवारी बुढवा मंगलचा मेळा भरे, गंगेवर सजवलेल्या बजऱ्यांवर रात्ररात्र मैफली रंगत. चैत्रात गुलाबबारी होई, गुलाबपाकळ्यांच्या सड्यात चैती गायली जाई. बजऱ्यावरचे गाणे आणि अंगणातले गाणे यांचा क्रम सारखा असू शकत नाही. आपली यादी कुठे ऐकली जाणार आहे, रात्रीच्या एसटीत की घरच्या गच्चीवर, हे ठरवल्याशिवाय पहिले गाणे निवडू नये.

न वाजवण्याचे दिवस

बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) डुमरावला जन्मले आणि लहानपणीच मामा अलीबख्श यांच्याकडे बनारसला आले. मामा विश्वनाथ मंदिराचे शहनाईवादक. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात छोट्या मुलाचा रियाज चाले. दुर्गाघाट, ब्रह्मघाटाचा हा सगळा परिसर जुन्या मराठी वस्तीचा. मंदिराकडे जायला वाटा अनेक होत्या, पण त्याला रसूलनबाई आणि त्यांची बहीण बतूलनबाई यांच्या घरावरून जाणारी वाट आवडे, कारण तिथून ठुमरी, टप्पा, दादरा कानावर पडे. संगीताची पहिली ओढ त्या घरावरून जाताना लागली, असे ते पुढे सांगत.

याच खाँसाहेबांच्या वर्षात दहा दिवस असे येत की शहनाई वाजत नसे. मोहरमच्या त्या दिवसांत ना कार्यक्रम, ना रियाज. फक्त आठव्या दिवशी ते दालमंडीतून फातमानच्या दर्ग्याकडे पायी चालत जात, शहनाईवर नौहा, म्हणजे शोकगीत, वाजवत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. त्या दिवशी कुठलाही राग वाजवायचा नाही, हा नियम. भारत स्वतंत्र झाला तेव्हा लाल किल्ल्यावर वाजलेली, २००१ साली भारतरत्न मिळवून देणारी शहनाई वर्षातून दहा दिवस गप्प राहत होती, आणि त्या गप्प राहण्यानेच आठव्या दिवसाचा नौहा उभा राहत होता.

यादीत मौन ठेवणे हे कौशल्य आपण विसरलो आहोत. ॲपमध्ये दोन गाणी एकमेकांत विरघळवण्याची सोय असते आणि मेजवानीच्या गाण्यांना ती चांगलीच आहे. गोष्ट सांगणाऱ्या यादीत ती बंद असावी. जिथे फसवणूक कळते, जिथे निरोप घेतला जातो, तिथे एका गाण्यानंतर वीस-तीस सेकंद काहीही असू नये. कोऱ्या शांततेची छोटी ध्वनिफीत करून ती यादीत गाण्यासारखी घालता येते. ऐकणाऱ्याचा श्वास तिथे बदलतो.

ऋतूच्या क्रमाने गोष्ट सांगायची म्हटले की गायक कुमार गंधर्वांची (१९२४–१९९२) आठवण येणे अपरिहार्य आहे. देवासच्या त्यांच्या घरातून ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे कार्यक्रम निघाले. एका ऋतूभोवती राग, बंदिशी आणि माळव्यातली लोकगीते त्यांनी अशी ओवली की ऋतूचे येणे, भरणे आणि ओसरणे ऐकू यावे. पावसाची गाणी एकत्र करणे आणि पाऊस घडवणे यांतला फरक ज्यांना समजून घ्यायचा असेल त्यांनी ‘गीत वर्षा’ ऐकावे. कुमारजींचा वर्षाकाल उन्हाळ्याच्या काहिलीतून सुरू होतो. तहान लागल्याशिवाय पावसाला किंमत नाही, ही गोष्ट बनारसची कजरीही जाणते. तिच्या ढगांत माहेरची ओढ असते, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट असते, आणि म्हणून पाऊस पडला तरी मन कोरडे राहते.

तुमची यादी

प्लेलिस्टसाठी गोष्ट शोधायला दूर जावे लागत नाही. आजोळच्या घराचा शेवटचा उन्हाळा, मुलीचे परदेशी शिकायला जाणे, एखाद्याशी धरलेला अबोला आणि तो सुटण्याची वाट. माणूस एकच ठेवा. वेळ ठरवा: एक रात्र, एक ऋतू किंवा एक वर्ष. मग त्या माणसाच्या पाच-सहा अवस्था कागदावर लिहा, गाण्याची नावे अजिबात न लिहिता. हे झाल्यावरच गाणी शोधायला बसा. पोवाडा, भावगीत, चित्रपटगीत, अभंग, काहीही चालेल. ठुमरीच हवी असे नाही. तुमचे सर्वांत लाडके गाणे कुठल्याच अवस्थेत बसत नसेल तर ते बाहेर ठेवण्याचे धैर्य दाखवा. पाऊण तासापेक्षा लांब यादी पहिल्या खेपेला करू नका. आणि ती ज्याच्यासाठी केली आहे त्या माणसाला सलग, एका बैठकीत ऐकवा. सोबत बसा, मधे बोलू नका.

शेवटचे गाणे भैरवीत असावे असा आग्रह नाही, पण त्या जागेचा मान भैरवीसारखा असावा. भैरवी झाल्यावर कुठल्याही घराण्याचा गायक पुढे गात नाही, श्रोतेही फर्माईश करत नाहीत. फोनला हा रिवाज ठाऊक नाही. यादी संपली की तो आपल्या मनाने कुठले तरी गाणे लावतो आणि तुम्ही बांधत आणलेले सगळे अर्ध्या मिनिटात पुसून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोप्ले’ बंद करा, आणि मगच पहिले गाणे लावा.